बत्ती आणि बोली

कोकणच्या किनाऱ्यावर दांड्यांना तोटा नाही. रेवदंडा आहे, दांडा-राजपुरी आहे, आगरदांडा आहे. फार कशाला, मुंबईकरांच्या उंबऱ्याशीच खारदांडा आहे. पाण्याकडे झुकलेली जमिनीची लांबट पट्टी म्हणजे दांडा. आणि 'आगर' ही तर कोकणी माणसाची दुहेरी दौलत! नारळी-पोफळीची वाडी तेही आगरच आणि खाजणात मीठ पिकवतात तेही आगरच. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईला गावाला जाण्यापूर्वी गावाच्या नावाची अशी चिरफाड करण्याची खोड असते; घरच्यांना ती फार वेळ सोसत नाही. "आधी पोहोचू या, व्युत्पत्ती मग," असे म्हणून आमच्या ह्यांनी सामान गाडीत टाकले, आणि गेल्या नाताळच्या सुट्टीत हे, मी आणि आमची चौदा वर्षांची कन्या असे तिघे आगरदांड्याला जाऊन थडकलो.

माझ्या मावसबहिणीचे सासर तिथले. घरापासून थोड्या अंतरावर धक्का; समोर राजपुरीची खाडी आणि पैलतीरावर दिघी. माणसे, मोटारी, फटफट्या, मासळीच्या पाट्या असा सगळा संसार पोटात घेऊन फेरीबोट अलीकडून पलीकडे आणि पलीकडून अलीकडे करीत असते. अलीकडच्या काळात दिघीच्या मोठ्या बंदराचा पसारा खाडीच्या दोन्ही तीरांवर वाढला आहे. पण ही खाडी काही आजची व्यापारी नव्हे. ती जेथे आत शिरते तेथे मांदाड आहे. प्राचीन ग्रीक लेखकांनी ज्या 'मंदगोर' बंदराचा उल्लेख केला ते हेच, असे अनेक संशोधक मानतात. जवळच कुड्याची सव्वीस लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत दान देणारे कोण आहेत पाहा: एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, एका वैद्याचे नाव आहे. राजांबरोबर बाजारपेठेतली माणसेही दगडावर नोंदली गेली, आणि ती त्यांच्या काळच्या प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत!

खाडीच्या मुखाशी जंजिरा. त्याची कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रामा कोळ्याचा लाकडी मेढेकोट, तो कपटाने घेणारा पिरमखान, मग सिद्दींचा दगडी कोट. शिवाजी महाराजांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले. जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य वेळेवर पोहोचवले नाही म्हणून १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेले कडक पत्र प्रसिद्धच आहे. पुढे १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यावरून थेट बेटापर्यंत दगडांचा सेतू बांधायला घेतला. तोही मोगली फौज कल्याणकडे उतरल्यामुळे अर्धा राहिला. सिद्दींचे संस्थान राहिले ते थेट १९४८ पर्यंत. आगरदांडा आणि राजपुरीच्या दरम्यान खोकरीला त्या सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट आजही उभे आहेत. आम्ही संध्याकाळी ते पाहून राजपुरीच्या किनाऱ्यावर आलो, तेव्हा जंजिऱ्याची काळी आकृती पाण्यावर बसलेली होती, आणि तिच्या पलीकडे, खाडीच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या नानवेलच्या टेकडीवर एक दिवा लकाकत होता.

"ती नानवेलची बत्ती," मावसबहिणीचे सासरे म्हणाले. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, आम्हीही तेच म्हणालो. कोकणात दीपस्तंभ कोणी म्हणत नाही. तो तुमच्या-आमच्या पुस्तकातला शब्द. दर्यावर जाणाऱ्याला ती 'बत्ती'. आप्पा पुढे म्हणाले, "आपल्या तालुक्याच्या दोन्ही टोकांना दोन बत्त्या. इकडे पाण्यापलीकडे नानवेल, तिकडे कोर्लई. उद्या कोर्लईला जा. बत्ती बघा, किल्ला बघा. पण तुम्ही भाषेच्या बाई ना, मग गावात घटकाभर बसा आणि नुसतं ऐका."

भाषेच्या बाईला एवढे निमंत्रण पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मुरूड, नांदगाव, काशीद, बोर्ली असे एकेक गाव मागे टाकीत रस्ता कधी समुद्राला बिलगतो, कधी डोंगरात शिरतो. कोर्लई येते ती कुंडलिका नदीच्या मुखाशी. नदीच्या उत्तर तीरावर रेवदंडा आणि चौल, दक्षिण तीरावर ही कोर्लईची सोंड. दोन्ही बाजूंनी पाणी, मध्ये लांबच लांब उघडी टेकडी, तिच्या पाठीवर किल्ल्याची भिंत, समुद्राच्या अंगाला पायथ्याशी दीपस्तंभ. पोर्तुगीज ह्या टेकडीला 'मोर्रो' म्हणत.

दीपस्तंभ १९५५ चा. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून बत्ती आहे. तिच्या मानाने ही धाकटी बहीण. माफक तिकीट काढून आत जाता येते. तिथल्या कर्मचाऱ्याने आम्हांला मोठ्या आपुलकीने वर नेले. आमच्या कन्येची समजूत अशी, की वर भलामोठा दिवा असणार. त्यावर ते म्हणाले, "दिवा मोठा नसतो ताई, काच मोठी असते." खरेच आहे. १८२० च्या सुमारास ऑगुस्तीन फ्रेनेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांची अशी रचना शोधून काढली, की चारी दिशांना वाया जाणारा उजेड वळवून एका आडव्या झोतात गोळा करता यावा. तेव्हापासून जगभरच्या दीपस्तंभांचे नशीब पालटले. लहान ज्योत, पण तिची शिस्त मोठी!

दुसरी गोष्ट उंचीची. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजाच्या पलीकडे दिसत नाही. त्यासाठी त्याला उंचच बसावे लागते. समुद्रापासून पंचवीस मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. उंची चौपट करून शंभर मीटरवर गेलात तर क्षितिज चौपट नव्हे, फक्त दुप्पट, सुमारे ३६ किलोमीटरवर जाते. आमच्या ह्यांना हा हिशेब इतका आवडला, की परतीच्या वाटेवर दिसेल त्या टेकडीचे त्यांनी क्षितिज काढले.

आणि तिसरी गोष्ट उघडझापेची. प्रत्येक बत्तीची लकाकण्याची रीत निराळी. किती लकाकी, मध्ये किती सेकंद काळोख, हे सारे दर्यावर्दी नकाशांत आणि याद्यांत छापलेले असते. अंधारात किनारा दिसत नाही; खलाशी फक्त मोजतो आणि म्हणतो, ही अमक्या टोकाची बत्ती. म्हणजे बत्ती नुसती उजेड देत नाही, ती आपले नाव सांगते. "आता मोठ्या जहाजांना उपग्रह वाट दाखवतो," ते कर्मचारी म्हणाले, "पण होडीवाला अजून मान वर करून बघतो. आणि यंत्र बंद पडलं की मोठा साहेबही बघतो!"

दीपस्तंभामागूनच किल्ल्याची वाट चढते. ऊन मी म्हणत होते, पण वरचा वारा सगळे विसरायला लावतो. डाव्या हाताला अथांग समुद्र, उजव्या हाताला खाडी आणि तिच्यापलीकडे रेवदंड्याची माडांची हिरवी झालर. ह्या खाडीने काय काय पाहिले आहे! १५०८ साली इथेच, चौलच्या मुखाशी, इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा तरणाबांड मुलगा लोरेन्सू द आल्मेदा लढता लढता पडला. त्यानंतर १५२१ साली पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याला आपले ठाणे बांधायला घेतले. पुढे संबंध बिघडले, आणि १५९४ साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या ह्या टेकडीवर कोट उभारून तोफा रोखल्या. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी तो कोट जिंकला. लढाईच्या धामधुमीत एक हत्ती नेमका दरवाजात पडला आणि त्यामुळे दरवाजा मिटता येईना, अशी हकीकत सांगतात. राज्ये जायला कधी कधी एवढेसेही कारण पुरते.

पुढे संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८३ साली चौलला वेढा घातला, पण ठाणे पडले नाही. पडले ते वसईच्या मोहिमेनंतर. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचे कंबरडेच मोडले. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. मराठ्यांनी बुरुजांना नवी नावे दिली. सां दिएगोचा बुरूज गणेश बुरूज झाला. १८१८ नंतर इंग्रज आले आणि तोफा गप्प झाल्या. आज वर छप्पर उडालेले चर्च आहे, पोर्तुगीज अक्षरांची शिळा आहे, पाण्याचे टाके आहे आणि जवळच महादेवाचे छोटे देऊळ आहे. गंजलेल्या तोफेवर बसून दोन कॉलेजकुमार स्वतःचे फोटो काढीत होते. सर्व सत्तांचा शेवट असाच होतो की काय, असा विचार त्या क्षणी मनात येऊन गेला.

पण सर्व गोष्टींचा शेवट असा होत नाही, हे कळायला टेकडी उतरून गावात यावे लागते.

गाव खाली, टेकडीच्या कुशीत. माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च नाताळासाठी सजले होते. अंगणाअंगणात कागदी चांदण्या लोंबत होत्या. एका ओटीवर पाणी मागितले. आजींनी अस्सल किनारपट्टीच्या मराठीत आमची चौकशी केली, आणि मग आत वळून सुनेला काही सांगितले. ते शब्द मराठी नव्हते. कोकणी नव्हते. आणि कान देऊन ऐकले तर वाक्याची चाल मात्र ओळखीची वाटत होती. मी विचारले, "आजी, ही कोणती भाषा?"

"आमची," त्या सहज म्हणाल्या. "नो लिंग."

वाचकांनी चमकू नये. हे लिंग व्याकरणातले नव्हे. पोर्तुगीज 'लिंग्वा' म्हणजे जीभ, भाषा; 'नो लिंग' म्हणजे आमची भाषा. आणि गंमत अशी, की नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलण्याची जी कटकट पोर्तुगीजांत आहे आणि आपल्या मराठीतही आहे, ती ह्या 'लिंगा'ने केव्हाच सोडून दिली आहे! आमच्या विद्यार्थ्यांना हे कळले तर ते कोर्लईला बदली करून घेतील.

ह्या बोलीची शब्दसंपत्ती बहुतांशी पोर्तुगीज. सांगाडा मात्र मराठीच्या संगतीने घडलेला. पोर्तुगीज माणूस 'मी खाल्ला भात' ह्या क्रमाने बोलेल. कोर्लईचा माणूस शब्द पोर्तुगीज वळणाचे वापरील, पण क्रियापद आपल्यासारखेच शेवटी ठेवील. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ह्या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. एका मोठ्या महाविद्यालयात ह्याहून अधिक विद्यार्थी असतात.

आता जरा हिशेब करा. पोर्तुगीज कोर्लईवर राहिले १५९४ ते १७४०, म्हणजे १४६ वर्षे. ते गेल्यालाच आता २८० वर्षांहून अधिक काळ लोटला. राज्यकर्त्यांच्या मुक्कामाच्या जवळजवळ दुप्पट काळ त्यांच्या मागे ही बोली जगली आहे, आणि तीही राजाश्रयाशिवाय, शाळेशिवाय, छापखान्याशिवाय! उलट आगरदांड्याकडे पाहा. सिद्दींचे राज्य त्याहून कितीतरी लांबले, पण त्यांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आणलेली बोली तिथे कोठे कानांवर पडत नाही. तेव्हा भाषा राज्यामुळे टिकते हे काही खरे नव्हे. कोर्लईची भाषा सरदारांनी राखली नाही; सरदार गलबतात बसून निघून गेले. राखली ती मागे राहिलेल्या, शेती आणि मोलमजुरी करणाऱ्या घरांनी. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, पाठीशी टेकडी. धर्म शेजाऱ्यांहून वेगळा, सोयरिकी आपापसांत. त्यामुळे चूल, पाळणा आणि प्रार्थना ह्यांच्या आधाराने ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

आणि ती आपल्याला परकी तरी कुठे? आपण महिन्याच्या एक तारखेला 'पगार' घेतो, सकाळी 'पाव' खातो, 'बटाटा' नि 'कोबी' चिरतो, 'चावी' हरवतो, कपड्यांना 'इस्त्री' करतो, 'घमेले' उचलतो, 'काजू' आणि 'अननस' पाहुण्यांपुढे ठेवतो, आणि उन्हाळ्यात 'हापूस' नावाच्या दैवताची पूजा करतो. हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या हातून आपल्या घरात आले. म्हणजे कोर्लईच्या आजींनी मराठीकडून वाक्याची चाल घेतली आणि आपण त्यांच्या पूर्वजांच्या धन्यांकडून स्वयंपाकघर भरून घेतले. देवघेव झाली, भांडण तोफांचे होते, शब्दांचे नव्हते.

आजींची नात पाच-सहा वर्षांची. आजी तिला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. बहुधा पेला परत आत ने, असे असावे. नात पेला घेऊन आत गेली, पण जाता जाता उत्तर दिले ते मराठीत. आजी माझ्याकडे पाहून हसल्या. "कळतं तिला सगळं. बोलत नाही. शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, आता इंग्रजीचा क्लास. आमची भाषा घेऊन ती जाणार कुठं?"

ह्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. कारण त्या पोरीला मराठी येते आहे, ह्याचा मराठीच्या मास्तरणीने आनंद मानायचा की खेद? इकडे मराठी ही मोठी भाषा आहे. मुलांना शाळेच्या, नोकरीच्या, बाजाराच्या वाटेने ती आपल्याकडे ओढते. तिकडे शहरात आमच्या घरी सासूबाई नातीला मराठीत विचारतात आणि नात इंग्रजीत उत्तर देते, आणि सासूबाईही असेच हसून म्हणतात, "कळतं तिला सगळं." कोर्लईच्या ओटीवर जे मराठी करते आहे, तेच आमच्या सदनिकेत मराठीला सोसावे लागते आहे. फरक एवढाच, की मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत आणि हे हजारभर. मोठ्या जहाजाला भोक पडले तर कळायला वेळ लागतो. होडीला लागत नाही.

आणि होडी बुडते, हे आपल्या देशातच दिसून आले आहे. केरळात कोचीजवळ वैपीन बेटावर ह्याच जातकुळीची एक पोर्तुगीज बोली होती. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ विल्यम रोझारियो हे २०१० च्या ऑगस्टमध्ये वारले आणि त्यांच्याबरोबर ती बोली संपली. सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो ह्या गोमंतकीय पंडिताने १९०६ साली मुंबई-वसईकडच्या पोर्तुगीज बोलीचे वर्णन लिहून ठेवले. ती बोलीही आता तिथे राहिली नाही. पुस्तक राहिले, जीभ गेली.

मी हे सगळे आजींना सांगितले नाही. मी फक्त विचारले, "आजी, तुम्ही नातीशी बोलायचं थांबवणार का?" त्या म्हणाल्या, "थांबवून कसं चालेल? तिनं उत्तर कशातही देवो. मी माझं बोलत राहणार. कधीतरी आठवेल तिला." आमची कन्या इतका वेळ मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती. तिने मान वर केली आणि विचारले, "आजी, तुमच्या भाषेत आजीला काय म्हणतात?" मग अर्धा तास त्या दोघींची शिकवणी चालली. ती ऐकून आतली नात उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, आणि आमच्या कन्येचा एक उच्चार चुकला तेव्हा तिला राहवेना. तिने तो दुरुस्त करून दिला. अगदी बरोबर, नो लिंगमध्ये!

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना समुद्राकडे जायचे असेल त्यांनी हा तालुका अवश्य पाहावा. एका दिवसात आगरदांड्याचा धक्का, खोकरीचे घुमट आणि जंजिरा. दुसऱ्या दिवशी काशीदच्या वाटेने कोर्लई. दीपस्तंभाच्या बाजूने किल्ला चढावा. वर सावली नाही, म्हणून पाणी बरोबर असावे आणि उन्हे कलल्यावर निघावे. भिंतींवर नावे कोरू नयेत. त्या टेकडीने पुष्कळ नावे पाहिली आहेत. आणि गावात गेलात तर फोटो काढण्यापूर्वी दोन शब्द बोलावे. "तुमच्या भाषेत ह्याला काय म्हणतात?" एवढे आदराने विचारले तरी पुरे. विचारणारा कोणी आहे हे कळले, की घरातली लहान मुलेही उत्तर द्यायला पुढे होतात.